व्हिडिओसाठी ग्राफिक्स करताना पिक्सेल आस्पेक्ट रेशो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टायटल, लोअर थर्ड (पडद्याच्या खालच्या भागातली नावाची पट्टी), चॅनेलचा लोगो, लग्नाच्या फिल्ममधलं नाव, एलईडी वॉलवरचं बॅकड्रॉप असं काहीही करणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. आकडे जिथे महत्त्वाचे आहेत तिथे पूर्ण दिले आहेत. अंदाजाने ताणून 'बरोबर दिसतंय' म्हणण्यातूनच या विषयातल्या बहुतेक चुका होतात.

पिक्सेल आस्पेक्ट रेशो म्हणजे नेमकं काय?

पडद्यावर दिसताना एका पिक्सेलची रुंदी त्याच्या उंचीच्या किती पट असते, तो आकडा. १ असेल तर पिक्सेल चौरस. १ पेक्षा मोठा असेल तर आडवा पसरलेला, लहान असेल तर उभट.

यात तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. फाइलमध्ये किती पिक्सेल साठवले आहेत (उदाहरणार्थ ७२० × ५७६), एक पिक्सेल दिसायला कसा आहे, आणि सगळं चित्र शेवटी कोणत्या प्रमाणात दिसतं (४:३ की १६:९). पहिल्याला दुसऱ्याने गुणलं की तिसरं मिळतं. १४४० × १०८० मध्ये १४४० भागिले १०८० म्हणजे १.३३३३, पिक्सेलचं प्रमाणही १.३३३३, गुणाकार १.७७७८, म्हणजेच १६:९. कुठेही गोंधळ झाला की हा एक गुणाकार करून पाहावा.

आता सगळं फुल एचडी आणि फोर-केमध्येच असतं. मग हे शिकायची गरज आहे का?

१९२० × १०८०, १२८० × ७२०, ३८४० × २१६० आणि रीलसाठीचं १०८० × १९२० या सगळ्यांत पिक्सेल चौरस असतो. तुमचं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत याच मापांत असेल तर प्रश्नच येत नाही.

तो येतो पुढच्या कामांत: जुन्या मिनीडीव्ही, व्हीएचएस किंवा डीव्हीडीवरचं फुटेज वापरताना, एचडीव्ही (कॅसेटवर एचडी चित्र टिपणाऱ्या) कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग हाताळताना, एसडी (एचडीच्या आधीच्या, कमी पिक्सेलच्या) चॅनेलसाठी जाहिरात किंवा पट्टी देताना, अ‍ॅनामॉर्फिक लेन्सवर (जी चित्र आडवं दाबून टिपते) शूट केलेल्या फिल्मवर व्हीएफएक्स करताना, आणि काही प्रकारच्या एलईडी पडद्यांवर. महाराष्ट्रात घरोघरी १९९० आणि २००० च्या दशकांतल्या लग्नांच्या, मुंजींच्या कॅसेट आहेत आणि त्या आता डिजिटल करून घेतल्या जात आहेत, त्यामुळे पहिला प्रकार सगळ्यांत जास्त भेटतो.

पिक्सेल चौरस नसावा असं कुणी आणि का ठरवलं?

टीव्हीचं चित्र मुळात अ‍ॅनालॉग होतं. त्यात ओळी मोजता येत, पण एका ओळीत आडवे पिक्सेल असं काही नव्हतंच. ते डिजिटल करायचं तर प्रत्येक ओळीचे किती नमुने घ्यायचे हे ठरवावं लागलं. अमेरिका-जपानकडे ५२५ ओळींची पद्धत (एनटीएससी), तर भारत आणि युरोपच्या बऱ्याच भागात ६२५ ओळींची (पाल). १९८२ साली ठरलेल्या ६०१ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकाने दोन्हींसाठी एकच वेग घेतला: सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने, म्हणजे १३.५ मेगाहर्ट्‌झ. या वेगाने ६२५ च्या पद्धतीत एका ओळीत बरोबर ८६४ नमुने बसतात आणि ५२५ च्या पद्धतीत ८५८. त्यातले चित्राचे म्हणून दोन्हीकडे ७२० ठेवले. त्यामुळे स्टुडिओतली यंत्रं दोन्ही पद्धतींना चालू लागली.

याची किंमत पिक्सेलच्या आकाराने मोजली. ६२५ ओळींच्या पद्धतीत पिक्सेल चौरस हवे असतील तर वेग १४.७५ मेगाहर्ट्‌झ लागतो. आपण त्याहून कमी नमुने घेतो, म्हणून प्रत्येक पिक्सेल थोडा रुंद होतो. ५२५ च्या पद्धतीत चौरस पिक्सेलसाठी साधारण १२.२७ मेगाहर्ट्‌झ पुरले असते. आपण त्याहून जास्त घेतो, म्हणून तिथे पिक्सेल उभट होतो. म्हणजेच दोन्हीकडे ७२० असले तरी पाल आणि एनटीएससीचे पिक्सेल उलट दिशांना कललेले असतात.

७२० × ५७६ साठी कुणी १.०६७ सांगतं, कुणी १.०९. खरा आकडा कोणता?

१.०९ च्या आसपासचा.

पालमध्ये एका ओळीतला चित्राचा भाग ५२ मायक्रोसेकंदांचा असतो. ५२ गुणिले १३.५ म्हणजे ७०२ नमुने. ४:३ चं चित्र या मधल्या ७०२ मध्ये आहे, ७२० मध्ये नाही. उरलेले ९-९ पिक्सेल ही दोन्ही कडांची राखीव जागा. ५७६ उंचीच्या ४:३ चित्राची चौरस पिक्सेलमधली रुंदी ७६८ येते, म्हणून ७६८ भागिले ७०२ म्हणजे १.०९४०. एमपेग-४ आणि एच.२६४ या कोडेकांमध्ये (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतींमध्ये) यासाठी १२:११ हा अपूर्णांक नेमून दिला आहे, म्हणजे १.०९०९. त्यामागे ७०२ ऐवजी ७०४ धरलेले आहेत: ७०४ गुणिले १२ भागिले ११ बरोबर ७६८. या दोन आकड्यांतला फरक डोळ्यांना कळत नाही.

१.०६६७ हा आकडा अख्ख्या ७२० लाच ४:३ धरलं की येतो. अडोबीची सॉफ्टवेअरं सीएस३ पर्यंत हाच वापरत होती. सीएस४ मध्ये, २००८ साली, तो १.०९४० केला गेला. त्यामुळे जुने प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत उघडले की ग्राफिकच्या कडेला अचानक काळी फट दिसते. फरक सुमारे अडीच टक्क्यांचा आहे. चेहऱ्यांवर तो जाणवणार नाही, पण गोल लोगोवर जाणकाराला दिसतो आणि पूर्ण फ्रेमच्या बॅकग्राउंडला कडेला उणीव पडते.

कामात लागणारे आकडे असे:

पाल ४:३ साठी १.०९४० (जुना १.०६६७), पाल १६:९ साठी १.४५८७ (जुना १.४२२२)
एनटीएससी ४:३ साठी ०.९०९१ (जुना ०.९), एनटीएससी १६:९ साठी १.२१२१ (जुना १.२)
एचडीव्ही १४४० × १०८० साठी १.३३३३
डीव्हीसीप्रो एचडी १२८० × १०८० साठी १.५, ९६० × ७२० साठी १.३३३३
पाल व्हीसीडी ३५२ × २८८ साठी १२:११

एकाच प्रोजेक्टमध्ये जुना आणि नवा आकडा मिसळू नका. कोणता वापरला यापेक्षा सगळीकडे तोच वापरला आहे का, हे जास्त महत्त्वाचं.

मग ग्राफिक कोणत्या मापात काढायचं?

नेहमी चौरस पिक्सेलमध्ये. आमचं याबाबत ठाम मत आहे. फोटो, व्हेक्टर लोगो, फॉन्ट, थ्रीडी रेंडर या सगळ्या गोष्टी मुळात चौरस पिक्सेलच्या असतात. त्या त्याच जगात ठेवाव्यात आणि रूपांतर एकदाच, शेवटी, फुटेजच्या टाइमलाइनवर किंवा एक्स्पोर्टच्या वेळी होऊ द्यावं. दर रूपांतरात पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि अक्षरांच्या कडा मऊ पडतात. दोनदा-तीनदा झालं तर देवनागरीतल्या जोडाक्षरांच्या आतल्या फटी बुजायला लागतात. 'ष्ट', 'द्ध', 'क्ष' हे पहिले बळी.

अडोबीच्या टाइमलाइनसाठी कॅनव्हास असा घ्या: पाल ४:३ ला ७८८ × ५७६, पाल १६:९ ला १०५० × ५७६, एनटीएससी ४:३ ला ६५५ × ४८०, एनटीएससी १६:९ ला ८७३ × ४८०. हे ७२० च्या पूर्ण रुंदीचं चौरस रूप आहे. बॅकग्राउंड पूर्ण मापाचं भरा, पण रचना मात्र पालमध्ये मधल्या ७६८ (किंवा १६:९ ला १०२४) धरूनच करा, कारण खरं चित्र तेवढंच. सरळ ७६८ × ५७६ चा कॅनव्हास घेतला तर दोन्ही बाजूंना १०-१० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतील. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर त्या कडेआड लपत. मोबाइलवर आणि संगणकावर स्पष्ट दिसतात.

एचडीव्हीच्या १४४० × १०८० टाइमलाइनसाठी ग्राफिक १९२० × १०८० मध्येच करा. ते चौरस आहे हे सॉफ्टवेअरला माहीत असेल तर बरोबर फ्रेमभर बसतं, काही ताणावं लागत नाही.

आणखी एक बारकावा. ६५५ आणि ८७३ या विषम संख्या आहेत. स्थिर चित्राला त्याने काही होत नाही, पण ग्राफिकची हालती फाइल एच.२६४ मध्ये काढायची असेल तर रुंदी आणि उंची सम लागते. अशा वेळी ६५६ आणि ८७४ घ्या.

आपलं प्रमाण बरोबर आलं की नाही, हे खात्रीने कसं तपासायचं?

वर्तुळ काढून. चौरस पिक्सेलच्या कॅनव्हासवर मधोमध ४८० पिक्सेल व्यासाचं, भरीव, गडद पार्श्वभूमीवरचं पांढरं वर्तुळ ठेवा आणि नेहमीच्या मार्गाने टाइमलाइनवर आणून एक्स्पोर्ट करा. मग तयार फाइलमधली एक फ्रेम, कुठलीही दुरुस्ती न लावता, चित्र म्हणून उघडा आणि पिक्सेल मोजा.

पाल ४:३ मध्ये ते ४४० रुंद आणि ४८० उंच मिळायला हवं. पाल १६:९ मध्ये ३३० रुंद. एचडीव्हीत ३६० रुंद. हे १२:११ आणि १६:११ धरून आहे. अडोबीच्या आकड्यांनी पहिल्या दोनमध्ये एक-दोन पिक्सेल कमी भरतील, ते ठीक. पाल ४:३ मध्ये ४५० मिळाले तर कुठेतरी जुना १.०६६७ शिरला आहे. ४८० मिळाले तर रूपांतर झालेलंच नाही.

पडद्यावर वर्तुळ गोल दिसतं का, एवढंच पाहून थांबू नका. प्रीव्ह्यूची दुरुस्ती चालू असेल तर चुकीची फाइलही गोल दिसू शकते.

फोटोशॉपमध्ये नेमकं काय करायचं?

नवीन डॉक्युमेंट उघडताना अ‍ॅडव्हान्स्डमध्ये पिक्सेल आस्पेक्ट रेशो असतो. तिथे स्क्वेअर पिक्सेल्स ठेवा आणि वर दिलेलं माप टाका. फिल्म अँड व्हिडिओचे तयार प्रीसेट घेतलेत तर त्यातले काही चौरस नसलेले असतात, आणि मग सॉफ्टवेअर व्ह्यू मेनूतली पिक्सेल आस्पेक्ट रेशो करेक्शन आपोआप चालू करतं. या करेक्शनमुळे फक्त दिसणं बदलतं. पिक्सेल तेच राहतात. अक्षरं दातेरी दिसतात म्हणून घाबरायचं कारण नाही, तो प्रीव्ह्यूचा परिणाम आहे. धार तपासायची असेल तेव्हा करेक्शन बंद करा, आकार तपासायचा असेल तेव्हा चालू करा.

फाइल पीएसडीमध्ये ठेवलीत तर प्रमाण फाइलबरोबर जातं. पीएनजी किंवा जेपेगवर त्यासाठी भिस्त ठेवू नका.

चौरस पिक्सेलची फाइल आहे, तरी आफ्टर इफेक्ट्समध्ये ताणलेली येते. का?

बहुतेक वेळा तिचं माप नेमकं ७२० × ५७६ किंवा ७२० × ४८० असतं. माप पाहून सॉफ्टवेअर समजतं की हे डीव्हीचं फुटेज आहे, आणि स्वतःहून ते प्रमाण लावून टाकतं. फाइल निवडा, इंटरप्रेट फुटेजमध्ये मेन उघडा, आणि खालच्या अदर ऑप्शन्समध्ये स्क्वेअर पिक्सेल्स करा. पुढच्या वेळी चौरस ग्राफिकसाठी ही दोन मापंच टाळा, म्हणजे प्रश्न मिटला.

प्रीमियरमध्ये हीच जागा क्लिपवर राइट क्लिक, मॉडिफाय, इंटरप्रेट फुटेज, आणि तिथे कन्फॉर्म टू. डाविंची रिझॉल्व्हमध्ये क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये पिक्सेल आस्पेक्ट रेशो मिळतो.

स्केलची रुंदी आणि उंची वेगळी करून हाताने ताणणं हा उपाय नव्हे. त्या क्लिपपुरतं काम भागतं, पण पुढे कुणी प्रमाण दुरुस्त केलं की तीच क्लिप दोनदा ताणली जाते, आणि चूक कुठे आहे ते शोधणं अवघड होतं.

लोगो सरळ असताना ठीक दिसतो, फिरवला की आकार बदलतो. हे काय आहे?

हे लक्षण पक्कं ओळखून ठेवा. लोगो फिरताना अंड्यासारखा रुंद-अरुंद होत डुलत असेल, तर सॉफ्टवेअर चौरस नसलेले पिक्सेल चौरस समजून फिरवत आहे. आधी दाबून मग फिरवलं तर दाबही लोगोबरोबर फिरतो. आधी फिरवून मग दाबलं तर दाब आडवाच राहतो आणि पडद्यावर लोगो नीट दिसतो. म्हणून फिरणं, तिरकं करणं, पर्स्पेक्टिव्ह, गोल मास्क, गोलाकार ब्लर हे सगळं चौरस पिक्सेलच्या कंपोझिशनमध्ये पूर्ण करा आणि ती कंपोझिशन अंतिम मापाच्या कंपोझिशनमध्ये टाका. लोगो आधीच दाबून फोटोशॉपमधून आणला असेल तर मूळ फाइल मागवा.

मराठी अक्षरांसाठी वेगळी काळजी घ्यावी लागते का?

हो, आणि इंग्रजी अक्षरांसाठी लिहिलेल्या सूचनांत ती सापडत नाही.

पिक्सेलचं प्रमाण फक्त आडव्या दिशेला परिणाम करतं. शिरोरेषेची जाडी उंचीत मोजली जाते, म्हणून ती बदलत नाही. काना मात्र रुंदीत मोजला जातो. पाल १६:९ मध्ये चौरस कॅनव्हासवरचा ८ पिक्सेलचा काना साठवताना साडेपाच पिक्सेलचा होतो, आणि ३ पिक्सेलचा काना जेमतेम २ चा. लहान अक्षरांत काना आणि मात्रा फिक्या पडतात आणि शिरोरेषा त्यामानाने ठसठशीत राहते. ओळ आडव्या पट्टीसारखी दिसू लागते. अशा पट्टीसाठी बारीक वजनाचा फॉन्ट घेऊ नका, मध्यम किंवा ठळक घ्या, आणि अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवताना शिरोरेषा तुटत नाही ना ते पाहा.

दुसरी अडचण इंटरलेसिंगची. एसडीमध्ये एक फ्रेम दोन फील्डमध्ये विभागलेली असते: एका फील्डमध्ये विषम ओळी, दुसऱ्यात सम. शिरोरेषा एकाच ओळीच्या जाडीची असेल तर ती फक्त एका फील्डमध्ये येते आणि सेकंदाला २५ वेळा लुकलुकते. सगळी ओळच थरथरल्यासारखी वाटते. शिरोरेषा किमान २, शक्यतो ३ ओळी जाड ठेवा. तरी थरथर राहिली तर आफ्टर इफेक्ट्समधला रिड्यूस इंटरलेस फ्लिकर हा इफेक्ट अगदी थोडा, किंवा फक्त उभ्या दिशेचा अर्ध्या-एक पिक्सेलचा ब्लर द्या. हे लॅपटॉपच्या पडद्यावर कळत नाही; इंटरलेस्ड आउटपुट दाखवणाऱ्या मॉनिटरवरच कळतं.

जुन्या लग्नाची कॅसेट यूट्यूबवर टाकायची आहे. क्रम काय असावा?

कॅप्चर केलेली फाइल ७२० × ५७६, २५ फ्रेमची, इंटरलेस्ड आहे असं धरू.

आधी डीइंटरलेस करा (फील्डपासून पूर्ण फ्रेम बनवा), बाकी सगळं नंतर. उंची बदलल्यावर दोन फील्डच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि मग त्या वेगळ्या काढता येत नाहीत. मिनीडीव्हीत खालचं फील्ड आधी असतं, एचडीव्हीत वरचं. क्रम उलटा लागला तर हालचाल पुढे-मागे झटके खाते. डीइंटरलेस करताना सेकंदाला ५० फ्रेम काढता आल्या तर काढा; वरातीतला नाच २५ फ्रेममध्ये अडखळतो.

मग दोन्ही बाजूंचे ८-८ पिक्सेल कापा. ७०४ × ५७६ उरेल. व्हीएचएसमध्ये तळाशी काही ओळींत फाटल्यासारखा पट्टा दिसतो; तो कापण्याऐवजी काळा करा, म्हणजे प्रमाणाचं गणित बिघडत नाही.

आता एकाच पायरीत १४४० × १०८० करा, पिक्सेल चौरस. ७०४ गुणिले १२ भागिले ११ म्हणजे ७६८. ७६८ × ५७६ आणि १४४० × १०८० दोन्ही ४:३. १९२० × १०८० च्या फ्रेममध्ये हे मधोमध ठेवलं की प्रत्येक बाजूला २४० पिक्सेल काळे राहतात. ते राहू द्या. फ्रेम भरावी म्हणून चित्र ताणलं तर नवरा-नवरी एक तृतीयांशाने रुंद होतात, आणि वर-खाली कापलं तर मुंडावळ्या आणि अंतरपाट दोन्ही जातात.

अपवाद एकच. माणसं किडकिडीत, उंच दिसत असतील आणि वर-खाली काळ्या पट्ट्या नसतील, तर कॅमेरा वाइड मोडवर होता आणि चित्र १६:९ चं आहे. तिथे ७०४ ला १६:११ ने गुणा, १०२४ × ५७६ येईल, आणि थेट १९२० × १०८० करा. पट्ट्या चित्रातच असतील तर ते ४:३ आहे, त्याला १६:९ समजू नका.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेलं फुटेज इथल्या पाल प्रोजेक्टमध्ये घ्यायचं आहे.

ते ७२० × ४८०, २९.९७ फ्रेमचं एनटीएससी असेल. आकाराचं गणित सोपं आहे: ४:३ चं असेल तर उंची ४८० वरून ५७६ करा आणि रुंदी ७२० च ठेवा. उंची १.२ पट होते, आणि १०:११ चा पिक्सेल १.२ पट रुंद झाला की १२:११ चा होतो. १६:९ लाही हेच लागू पडतं. चौरस पिक्सेलची सवय असलेल्या माणसाला हे ताणणं चूक वाटतं, पण बरोबर तेच आहे. उलट ७२० × ४८० तसंच मधोमध ठेवलं तर माणसं २० टक्के रुंद दिसतील.

फ्रेमचा वेग बदलणं हे वेगळं आणि अवघड काम आहे. सगळं शेवटी इंटरनेटवरच जाणार असेल तर पाल प्रोजेक्टचा हट्ट सोडा.

१४४० × १०८० ही फाइल ४:३ की १६:९?

दोन्ही असू शकते, आणि म्हणूनच हे माप धोक्याचं. पिक्सेल १.३३३३ असेल तर ते एचडीव्हीचं १६:९. पिक्सेल १ असेल तर ४:३, म्हणजे वर सांगितलेली डिजिटल केलेली कॅसेट. काही सॉफ्टवेअरं निव्वळ मापावरून एचडीव्ही समजतात आणि जुनी कॅसेट ताणून दाखवतात. फाइल दुसऱ्या कुणाला द्यायची असेल तर काळ्या पट्ट्यांसह १९२० × १०८० करूनच द्या.

व्हीएलसीमध्ये बरोबर दिसतं, फोनवर चपटं दिसतं. फाइल खराब आहे का?

फाइलला लावलेलं लेबल बहुधा दोन ठिकाणी वेगवेगळं आहे. पिक्सेलचं प्रमाण व्हिडिओच्या प्रवाहातही लिहिता येतं आणि एमपी४ च्या वेष्टनातही. एक प्लेअर एकाचं ऐकतो, दुसरा दुसऱ्याचं, तिसरा कुणाचंच नाही. मीडियाइन्फो या फाइलचा तपशील दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून रुंदी, उंची आणि डिस्प्ले आस्पेक्ट रेशो पाहा आणि गुणाकार जुळतो का ते तपासा.

एफएफएमपेग (कमांड लिहून व्हिडिओ रूपांतर करण्याचं साधन) वापरत असाल तर स्केल आणि सेटसार या फिल्टरांतला फरक नीट समजून घ्या. स्केल पिक्सेल बदलतो, सेटसार फक्त लेबल. शिवाय स्केल फिल्टर अंतिम प्रमाण टिकवण्यासाठी लेबल स्वतःहून बदलतो. १२:११ लेबल असलेलं ७२० × ५७६ न कापता ७६८ × ५७६ केलंत, तर पिक्सेल चौरस न होता ४५:४४ असं विचित्र लेबल लागतं. म्हणून क्रम ठेवा: आधी ७०४ पर्यंत कापणं, मग स्केल, आणि शेवटी सेटसार एकवर.

इंटरनेटसाठीची फाइल चौरस पिक्सेलचीच असावी. लेबल बरोबर वाचलं जाईल या भरवशावर ती पाठवू नये.

ग्राफिक ३०० डीपीआयमध्ये करायचं की ७२?

काहीही ठेवा. व्हिडिओत फक्त पिक्सेलची संख्या मोजली जाते.

मजकूर कडेपासून किती आत ठेवायचा?

४:३ च्या एसडीसाठी जुना नियम असा: महत्त्वाची हालचाल मधल्या ९० टक्क्यांत, मजकूर मधल्या ८० टक्क्यांत. १६:९ साठी युरोपीय प्रसारण संघाची शिफारस सैल आहे, अनुक्रमे ९३ आणि ९० टक्के. टक्के ७२० वर न काढता मधल्या ७०२ किंवा ७०४ वर काढा. चॅनेलने स्वतःची मापं दिली असतील तर तीच पाळायची.

अ‍ॅनामॉर्फिक लेन्सवर शूट झालं आहे. ग्राफिक कसं जुळवायचं?

लेन्स चित्र आडवं दाबते, त्यामुळे दाबाचा आकडा हाच पिक्सेलचा रेशो. १.३३ पट लेन्स आणि १६:९ सेन्सर असेल तर उघडलेलं (दाब काढून पुन्हा मूळ प्रमाणात आणलेलं) चित्र सुमारे २.३६ येतं, २ पट लेन्सला ४:३ सेन्सर असेल तर २.६७ येतं आणि साधारण २.३९ पर्यंत कापतात. चित्र उघडताना रुंदी वाढवण्याऐवजी उंची कमी करणं बहुधा चांगलं: पिक्सेल नव्याने बनवावे लागत नाहीत आणि फाइल हलकी राहते. पण ट्रॅकिंग (कॅमेऱ्याच्या हालचालीचा माग काढणं) मूळ, न उघडलेल्या प्लेटवर, म्हणजे शूट केलेल्या फुटेजवर, झालं असेल तर त्या कलाकाराशी आधी बोला, नाहीतर लेन्सच्या वक्रतेचं गणित दोनदा लागतं. टायटल उघडलेल्या, चौरस चित्रावरच बसवा.

एलईडी वॉलसाठी १९२० × १०८० दिलं, स्टेजवर चेहरे चपटे दिसले. काय विचारायला हवं होतं?

वॉलची फुटांतली मापं पुरत नाहीत. आडवे आणि उभे एकूण किती पिक्सेल, हे ऑपरेटरला विचारा. ३.९१ मिलिमीटर पिचच्या (शेजारच्या दोन पिक्सेलमधल्या अंतराच्या) ५०० × ५०० मिलिमीटर पॅनेलमध्ये १२८ × १२८ पिक्सेल असतात. ४ मीटर रुंद आणि २ मीटर उंच वॉलला असे ८ आडवे, ४ उभे पॅनेल लागतात, म्हणजे १०२४ × ५१२. ही २:१ ची वॉल झाली. १६:९ चं ग्राफिक प्रोसेसरने त्यात फुल स्क्रीन ताणलं की चेहरे साडेबारा टक्के रुंद होतात. ग्राफिक १०२४ × ५१२ किंवा बरोबर दुप्पट २०४८ × १०२४ मध्ये करा, आणि प्रोसेसरवर ताणणं बंद करायला सांगा.

साध्या वॉलचे पिक्सेल चौरसच असतात. पारदर्शक एलईडी पडदे वेगळे: त्यात बऱ्याचदा आडवं अंतर ३.९१ आणि उभं ७.८१ मिलिमीटर असतं. १००० × ५०० मिलिमीटरच्या पॅनेलवर २५६ × ६४ पिक्सेल बसतात, म्हणजे पॅनेल २:१ चं, पण पिक्सेलची संख्या ४:१. पिक्सेलचा रेशो ०.५. अशा पडद्यावर ३२ ओळी उंच वर्तुळाला ६४ पिक्सेल रुंदी लागते. पडद्याच्या खऱ्या मिलिमीटरच्या प्रमाणात चौरस कॅनव्हास घ्या, रचना पूर्ण करा आणि एक्स्पोर्टला पिक्सेलसंख्येच्या मापात आणा. अक्षरं मोठी ठेवा. ६४ ओळींत रेफ, मात्रा आणि अनुस्वार वेगळे दिसायला हवे असतील तर मराठीची एकच ओळ नीट बसते.

चॅनेलला एसडी जाहिरात देताना बरोबर काय लिहून द्यायचं?

फ्रेमचं माप, ४:३ की १६:९, इंटरलेस्ड असल्यास आधी कोणतं फील्ड, सेकंदाला किती फ्रेम, आणि १६:९ असेल तर चित्र पूर्ण उंचीचं दाबलेलं आहे की काळ्या पट्ट्यांसह ४:३ मध्ये बसवलेलं. शेवटचा मुद्दा हमखास राहून जातो. फाइलच्या सुरुवातीला, जाहिरातीच्या आधीच्या स्लेटवर (माहितीच्या पाटीवर), तपासणीचं तेच वर्तुळ ठेवा. पलीकडच्या माणसाला गोल दिसलं नाही तर फाइल चालवण्याआधी तो फोन करील.